१० मीटरच्या स्पर्धेसाठी दुर्बिणीची रायफल पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: सांगितलेल्या प्रकाराची एअर रायफल न पाठवणे, दिशाभूल करणारी जाहिरात आणि बदली देण्यास नकार याबाबत.

महोदय,

मी यावल तालुक्यातली केळी उत्पादक शेतकरी. माझी मुलगी नववीत आहे आणि जळगावला नेमबाजी शिकते. तिच्यासाठी आम्ही तुमच्याकडून एअर रायफल मागवली. पैसे भरण्याआधी तुमच्या विक्री प्रतिनिधीला मी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, आणि नंतर लेखीही कळवलं होतं, की रायफल १० मीटरच्या पीप साईट प्रकारासाठी, म्हणजे मागच्या बारीक भोकातून पाहून नेम धरण्याच्या प्रकारासाठी, हवी आहे. त्यांचं उत्तर आलं, "मॅडम, हीच घ्या, १० मीटरपासून १०० मीटरपर्यंत सगळ्याला चालते." तो संदेश या पत्रासोबत जोडला आहे.

प्रत्यक्षात आली ती नळी मोडून भरायची स्प्रिंगची रायफल आणि तिच्याबरोबर दुर्बीण. पीप साईट खोक्यात नव्हतीच. १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, हे खेळाचं साहित्य विकणाऱ्या कंपनीला माहीत नसेल असं मी मानत नाही. ५० मीटरलासुद्धा ती चालत नाही. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून) कांस्यपदक मिळवलं, ते पीप साईटवरच. ती .२२ ची रायफल, तिला परवाना लागतो, तिची गोळी वेगळी, नेमही वेगळा. तुमच्या विक्रीच्या पानावर मात्र ही सगळी अंतरं एकाच रायफलीच्या नावावर मांडली आहेत.

दुर्बिणीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या माणसाने फोनवर "मुलीला वापरता येत नसेल" असं उत्तर दिलं. ही दुर्बीण १०० यार्डांवर जुळवलेली आहे, म्हणजे त्या अंतरावरच लक्ष्य स्पष्ट आणि फुली (नेम धरायची आतली खूण) स्थिर दिसते. सोबतच्या कागदावर तसं छापलंय. जवळच्या अंतरासाठी फिरवायची कडी तिला नाही. त्यामुळे १० मीटरवर लक्ष्य धूसर दिसतं आणि डोळा जरासा इकडेतिकडे झाला की रायफल न हलताही फुली लक्ष्यावरून सरकते. या स्पर्धेच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे अशी सरकणारी फुली घेऊन कोणाचाही नेम लागणार नाही, मग तो नवशिका असो की जुना खेळाडू. यावर तुमच्याकडून तोडगा काय आला, तर जास्त पैसे भरून जास्त पॉवरची दुर्बीण घ्या! पॉवर वाढली की हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो आणि दिसणारा भाग आक्रसतो. मूळ दोष जागेवरच राहतो.

दुसरी गोष्ट झटक्याची. स्प्रिंगच्या रायफलीला दोन झटके बसतात: आतला दट्ट्या पुढे धावताना रायफल मागे येते आणि तो शेवटाला आदळला की ती पुढे जाते. साध्या दुर्बिणी फक्त मागच्या झटक्याचा विचार करून बनवतात. पुढचा झटका सोसणारी दुर्बीण वेगळी मागावी लागते. तुम्ही साधी पाठवली. थोड्याच सरावात तिची आतली फुली तिरकी झाली आणि घट्ट आवळलेला माउंटही (दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणारी पकड) रुळावरून, म्हणजे रायफलीवरच्या खाचेच्या पट्टीवरून, मागे सरकू लागला. सरकणारच, कारण रायफलीचा रूळ ११ मिलिमीटरचा आणि माउंट रुंद पिकाटिनी रुळाचा. तुमच्याच गोदामातून एकत्र निघालेल्या दोन वस्तू एकमेकींना बसत नाहीत, याची जबाबदारी तुमचीच आहे.

"मग दुर्बीण काढून ओपन साईटवर खेळू द्या," म्हणजे नळीवरच्या उघड्या खाचेतून नेम धरू द्या, असंही सांगण्यात आलं. शालेय स्पर्धांमध्ये ओपन साईट आणि पीप साईट हे दोन वेगळे प्रकार आहेत. माझी मुलगी पीप साईटवर शिकते आहे: मागच्या बारीक भोकातून पाहायचं, पुढच्या कड्यात काळं वर्तुळ मधोमध धरायचं, भोवतीचा पांढरा काठ सगळीकडे सारखा ठेवायचा. डोळ्याला आणि मानेला ही सवय लागायला महिने जातात. तुमच्या सोयीसाठी तिने ती का मोडावी? शिवाय या रायफलीचा खांद्याला लावायचा दस्ता मोठ्या माणसाच्या मापाचा, लांबी कमी-जास्त न होणारा. दुर्बीण उंचावर बसवल्याने तिचा गाल दस्त्यावर टेकतच नाही. वरच्या पातळीवर ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे असतात. प्रत्येक शॉटनंतर नळी मोडायची म्हणजे जमलेली पोझिशन दर वेळी मोडायची.

आता त्या १०० मीटरबद्दल. तुमच्या खोक्यावर छऱ्याचा वेग सेकंदाला १६५ मीटर दिला आहे. या वेगाने १० मीटर जाईपर्यंत छर्रा साधारण २ सेंटिमीटर खाली येतो. ५० मीटरवर हवेने वेगही कमी झालेला असतो आणि घसरण अर्ध्या मीटरच्या पुढे जाते. १०० मीटरवर नेम धरण्याची भाषा कुठल्या आधारावर केली? बरोबर दिलेले चपट्या तोंडाचे छर्रे कागदाला स्वच्छ भोक पाडण्यासाठी, १० मीटरसाठी असतात. लांबवर ते लवकर मंदावतात.

आणि जाहिरातीतलं "शेतातल्या रानडुकरांवरही उपयोगी" हे वाक्य आजच्या आज काढा. आमच्याकडे रानडुकरांचा त्रास आहे, ते वाचून गावातली दोन-तीन मुलं रायफल बघायला घरी आली होती. बिनपरवाना मिळणाऱ्या एअर रायफलीची ताकद २० ज्यूलच्या आत असते. तिने रानडुक्कर मरत नाही, जखमी होऊन माणसावर उलटतं. परवानगीशिवाय शिकार हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाही आहे. खेळाच्या वस्तूची अशी जाहिरात करून तुम्ही पोरांना संकटात ढकलत आहात, याचा मला मनापासून संताप आहे.

माझी मागणी अशी. ही रायफल, दुर्बीण आणि माउंट तुमच्या खर्चाने परत न्या आणि पीप साईट असलेली, लांबी कमी-जास्त होणाऱ्या दस्त्याची १० मीटरची रायफल द्या. किमतीत फरक पडत असेल तर आधी लेखी कळवा. ती देता येत नसेल तर वाहतूक खर्चासह पूर्ण रक्कम परत करा. आणि प्रत्येक रायफलीच्या पानावर ती कोणत्या अंतराची, कोणत्या साईटची, रूळ किती मिलिमीटरचा आणि दुर्बीण किती अंतरावर जुळवलेली, हे मराठीत लिहा. आमच्या भागातली मुलं आता कुठे या खेळाकडे वळत आहेत. त्यांच्या आईबापांना दुकानात जाऊन चार रायफली हाताळून पाहायची सोय नाही. तुमच्या पानावर जे लिहिलंय त्यावरच ते विसंबतात.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन. ग्राहक राहतो तिथल्या आयोगात जाण्याची मुभा या कायद्याने दिली आहे, त्यामुळे "आमचं कार्यालय दुसऱ्या राज्यात आहे" हे कारण चालणार नाही.

बिलाची प्रत, तुमच्या प्रतिनिधीचे संदेश, तिरक्या झालेल्या फुलीचे आणि न बसणाऱ्या माउंटचे फोटो सोबत जोडले आहेत. सामान मूळ खोक्यात बांधून ठेवलं आहे. न्यायला माणूस पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी फोन करा. केळीची कापणी चालू असली की दिवसा घरी कोणी नसतं.

आपली,
एक ग्राहक
तालुका यावल, जिल्हा जळगाव