नारा (जपान) सहल: शनिवारी निघण्याआधी एवढं वाचा

ओसाका-नाम्बाहून किन्तेत्सु या खासगी रेल्वेची नाराला जाणारी रॅपिड एक्सप्रेस पकडा, साधारण 40 मिनिटं. जेआर (जपान रेल्वे) पास या गाडीला चालत नाही. किन्तेत्सु-नारा स्टेशनावरून तोदाइजी हे बौद्ध मंदिर पायी 20 मिनिटं. जेआरचं स्टेशन आणखी लांब पडतं. मंदिरातला, इ.स. 752 मध्ये प्रतिष्ठापना झालेला, जवळपास 15 मीटर उंच बुद्ध सकाळीच पाहून घ्या. मग तोदाइजीच्याच आवारातल्या निगात्सुदो या मंदिराचा सज्जा, तिथे तिकीट नाही आणि सगळं शहर दिसतं, चुकवू नकाच.

नाराच्या उद्यानात मोकळ्या फिरणाऱ्या हरणांना फक्त तिथे मिळणारी शिका-सेन्बेई (हरणांसाठीची बिस्किटं) द्या. दाखवून हात मागे घेतलात की चावतात, कागदी नकाशेही ओढून खातात. लहान मुलांना जवळ ठेवा. उदोन म्हणजे जाड नूडल्स, त्यांच्या रश्शात बहुधा मासळीचा अर्क असतो, तेव्हा शाकाहारी मंडळींनी डबा आणावा. पण हरणांपासून लांब बसून उघडा. कचरा परत आणायचा.