चर बुजवताना उभे राहायचे

जुळे सोलापूर

चि. सौ. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

आपल्या दारात ड्रेनेजचे काम सुरू झाल्याचे आईने कळवल्यावर तू फोनवर जे बोललीस त्यातला राग मला समजतो, कारण ही बाग बरीचशी तुझ्याच हातची आहे. तरीही काम अडवावे, 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली तक्रार करावी, हा तुझा आग्रह मला पटत नाही. परवानगीशिवाय झाड तोडू नये असे तो कायदा सांगतो, आणि येथे कोणी झाड तोडायला निघालेले नाही. कंपाउंडबाहेरची जी पट्टी आपण इतकी वर्षे आपली म्हणून फुलवली ती मुळात रस्त्याची आहे, हेही विसरून चालणार नाही. शिवाय पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत पाणी जिरत नाही, शोषखड्डा तुंबतो आणि दुर्गंधी थेट स्वयंपाकघरापर्यंत येते, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. लाइन हवीच आहे.

भांडायचेच असेल तर खणताना नव्हे, बुजवताना भांडायचे, असे माझे मत आहे. चर दिवसभरात खणून होतो आणि लोक तेवढ्यापुरते दारात उभे राहून आरडाओरडा करतात. बुजवण्याच्या वेळी मात्र सगळे घरात असतात, आणि बागेचे पुढच्या अनेक वर्षांचे नुकसान होते ते नेमके तेव्हाच.

जेसीबी येण्याच्या आदल्या संध्याकाळी मी नळाच्या पाइपची रेषा आणि लिंबाचे आळे चुन्याच्या फक्कीने आखून ठेवले. उजनीचे पाणी आपल्याला काही दिवसांआड मिळते, त्यात पाइप फुटला तर माणसांचेच हाल, मग झाडांना कोण विचारतो? मोगरा मातीच्या गड्ड्यासह काढून कुंडीत लावला. मुकादमाशी शांतपणे बोललो तेव्हा त्याने कडुनिंबाजवळचा भाग कुदळीने खणण्याचे कबूल केले आणि ड्रेनेजचा पाइप जाड मुळाच्या खालून सरकवून घेतला. हे फार महत्त्वाचे होते. खोडाजवळची जाड मुळे एका बाजूने तुटली, तर वळवाच्या वाऱ्यात एवढे मोठे झाड उन्मळून पडू शकते.

लिंबाची काही मुळे तुटलीच. जेसीबीच्या दातांनी ती ओढून फाटली होती. टोकांच्या चिंध्या लोंबत होत्या आणि साल आतपर्यंत सोलवटली होती. मी धारदार आरीने निरोगी भागापर्यंत सरळ काप घेतला आणि चर उघडा असेपर्यंत त्या बाजूला ओले गोणपाट लावून ठेवले, कारण आपल्याकडच्या चैत्रातल्या उन्हात बारीक मुळे पाहता पाहता वाळून जातात. मुळे कमी झाली म्हणून फांद्याही छाटाव्यात असे शेजारचे काका सांगत होते. मी छाटल्या नाहीत, कारण नवी मुळे फुटायला लागणारे अन्न पानेच तयार करतात. पाने मलूल दिसली म्हणून आळे तुडुंब भरायचे नाही, थोडे थोडे पाणी द्यायचे आणि वर पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवायचे, असे आईला बजावले आहे. नवी पालवी येईपर्यंत रासायनिक खतही द्यायचे नाही.

आता बुजवण्याविषयी. वरची फूटभर काळी माती मी ताडपत्रीवर वेगळी काढून घेतली होती. खालचा मुरूम आणि ही माती एकत्र झाली असती, तर वर मुरूमच आला असता आणि त्यात गवताखेरीज काही धड वाढले नसते. पाइपभोवती दगडगोटे न घालता बारीक मुरूम टाकून घेतला, त्यावर सहा-सहा इंचांचे थर देऊन प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस, म्हणजे माती ठोकून घट्ट, करायला लावली आणि काळी माती सर्वांत शेवटी पसरली. मजूर कंटाळले होते. आईने दोनदा चहा केला, त्याचा माझ्या बोलण्यापेक्षा अधिक उपयोग झाला असावा.

चेंबर बांधणारा गवंडी सिमेंटचा माल लिंबाच्या आळ्याशेजारी मातीवरच कालवायला निघाला होता, त्याला मी पत्रा दिला. आपली माती आधीच चुनखडीची. त्यात सिमेंट मिसळले की लिंबाला लोह मिळेनासे होते, शिरा हिरव्या राहतात आणि पान पिवळे पडते. उरलेला माल आणि विटांचे तुकडे त्याच दिवशी उचलून न्यायला लावले.

तू नव्या डाळिंबाची दोन रोपे पाठवणार आहेस असे आई म्हणते. ती इतक्यात पाठवू नकोस. कितीही धुम्मस केली तरी पहिल्या पावसात चर थोडा खचतोच, आणि काळी माती भिजून फुगते, वाळून भेगाळते, ती एक पावसाळा गेल्याशिवाय स्थिर होत नाही. तोवर तेथे ताग आणि चवळी पेरू. ताग फुलावर येण्याच्या सुमारास मातीत गाडून टाकू. पुढेही डाळिंब पाइपच्या रेषेवर न लावता कुंपणाकडे सरकवावे लागेल, कारण सांध्यातून ओल झिरपली की मुळे तिकडेच धाव घेतात. पाइपचे अंतर मी भिंतीपासून मोजून कंपाउंडच्या आतल्या बाजूस ऑइलपेंटने लिहून ठेवले आहे.

तागाचे बी तिकडे चांगले मिळाले तर जूनपूर्वी पाठव. जावईबापूंना आशीर्वाद सांग.

तुझे,
बाबा