दमकांडी गेली बे

का बे,

दिवाळीपासनं तुला एक मेसेज नाही, शिव्या नंतर घाल, आधी हे वाच. आईचा गुडघा तसाच, माझी अ‍ॅसिडिटीपण.

आपण वहीत रचलेल्या गड्डा ग्रहावरची आपली वनस्पती, दमकांडी, गेली. म्हणजे ती कधी जगूच शकली नसती. तिथं आठ महिने पाणी, चार महिने भेगाळलेला चिखल, पूर आला की ही पानं मिटून आख्खी बुडी मारणार आणि मुळं चिखलातनंच हवा घेणार, हे तुझं. मी नाही म्हटलं तर बर्फाचा गोळा माझ्या नव्या शर्टावर ओतलास, काला खट्टा, डाग अजून आहे.

परवा पोरीनं गच्चीवरच्या टबातलं कमळाचं पान तोडलं. देठात नुसती भोकं! तिनं एक टोक बादलीत घालून फुंकलं तर बुडबुडे, आणि मी तिथंच खाली बसलो. पाण्याखालच्या चिखलात ऑक्सिजन जवळपास नसतोच रे. कमळाची पानं उन्हानं तापली की हवा देठातनं खाली कंदापर्यंत ढकलली जाते आणि दुसऱ्या नळ्यांतनं परत वर येते. आपण कंबर तलावातल्या ज्या जलपर्णीवरनं रूप ढापलं तिचाही देठ आतनं स्पंजच.

म्हणून मी दमकांडीच्या प्रत्येक बेटाला, म्हणजे झुबक्याला, एक लांब देठाचं पान पाण्यावर ठेवलं, नाकपान. पण तुझी चिखलम्हैस नेमकं तेच कोवळं पान खाते! एक घास, आख्खं बेट गुदमरलं. पान कडू केलं तर म्हैस उपाशी. तीन रात्री हेच, बायको म्हणायलीय हप्त्याचं एवढं टेन्शन घेतलं असतंस तर घर फिटलं असतं. शेवटी सगळी बेटं चिखलाखालनं एकाच कंदानं जोडली, शेजारच्याच्या नाकपानावर आकडा टाकून हवा घ्यायची. म्हैसपण जगते. फक्त एकाला रोग लागला की सगळ्यांना, ते तू बघ.

फ्लॅटचा ताबा मिळाला म्हणे, भारी, बाळाचं नाव काय ठेवलं ते कळव, वहिनीला नमस्कार.

वही तुझ्याकडंच आहे, दमकांडीच्या छेदाच्या पानाचा फोटो टाक. कांडी भरीव काढलीयस का पोकळ? पोकळ असली तर माझं तुला तेव्हाच पटलेलं, आणि शर्टाचे पैसे काढ.

तुझा,
पम्या