धडधड वेगळी, चाचपणी वेगळी

संपादक महोदय,

आरोग्यविषयक मजकुरात ‘पॅल्पिटेशन’ आणि ‘पॅल्पेशन’ यांची सर्रास गल्लत होते. पहिली छातीतली धडधड. एरवी मिनिटाला ६० ते १०० ठोके पडत असतात, आपल्याला पत्ताही नसतो. ते जाणवू लागले की धडधड, मग वेग वाढलेला असो वा नसो. दुसरी, डॉक्टर बोटांनी पोट दाबून पाहतात ती. दोन्हींचे मूळ हळुवार स्पर्श सांगणाऱ्या लॅटिन क्रियापदात. झुरळाच्या तोंडापाशी सतत हलणारे, अन्न चाचपणारे ‘पॅल्प’ही त्याच कुळातले. (लांब मिशा वेगळ्या!) कोळ्याच्या तोंडापाशी असणारे ‘पेडिपॅल्प’ तर चक्क आखूड पायांसारखे दिसतात. ‘धडधड’ आणि ‘चाचपणी’ हे नेमके शब्द हाताशी असताना छापताना ते का टाळले जातात, कळत नाही.

— एक वाचक