मामाशी झालेल्या भांडणावरून मुलाला पत्र

बाळा,

फोनवर तू पूर्ण ऐकून घेत नाहीस म्हणून लिहितेय. रविवारी रात्री फॅमिली ग्रुपवर जे झालं ते मी सकाळी उठून वाचलं, तोवर तू ग्रुप सोडूनही गेला होतास. पंतप्रधानांबद्दल तू जो शब्द लिहिलास तो मी इथे परत लिहिणार नाही. मामाने त्यावर तुला देशद्रोही म्हटलं, देशाच्या नेत्याला मान देणं हे नागरिकाचं कर्तव्यच आहे असं लिहिलं, आणि चार जणांनी त्याला अंगठे दिले. मला तुमचं दोघांचंही पटलेलं नाही.

आधी मामाचं सांगते. कर्तव्य म्हणतो ना तो, तर नागरिकांची कर्तव्यं संविधानात लिहिलेली आहेत, कलम ५१क, तू परीक्षेसाठी पाठ केलंयस. त्यात पहिलंच आहे की संविधानाचं पालन करा, त्यातले आदर्श आणि संस्था, राष्ट्रध्वज, राष्ट्रगीत यांचा आदर करा. पंतप्रधानांचं नाव कुठे नाही. आणि हे कलम आलं कधी तर १९७६ ला, ४२व्या घटनादुरुस्तीत, म्हणजे ऐन आणीबाणीत, इंदिरा म्हणजेच इंडिया म्हणणारे बरुआ काँग्रेसचे अध्यक्ष होते तेव्हा. त्या दिवसांतसुद्धा नेत्याचा आदर करा असं कर्तव्य म्हणून लिहायची हिंमत कुणाची झाली नाही. बाबासाहेबांनी तर २५ नोव्हेंबर १९४९ लाच संविधान सभेत बजावलं होतं, की धर्मातली भक्ती मोक्षाकडे नेत असेल पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. थोर माणसाबद्दल कृतज्ञ राहा, पण त्यालाही मर्यादा आहे असंही त्याच भाषणात आहे.

मामाचं मला खरं दुःख वेगळंच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा त्याचा लाल कांदा काढणीला आला होता, आणि लाल कांदा काही उन्हाळ कांद्यासारखा कांदाचाळीत साठवून ठेवता येत नाही, काढला की विकावाच लागतो. भाव पडले, माझ्यासमोर त्याने हिशोबाची वही मिटून बाजूला ठेवली आणि एक शब्द बोलला नाही, कारण बोललो तर आपल्या नेत्याचा अपमान होईल असं त्याला वाटलं. २०१० च्या डिसेंबरलाही अशीच बंदी आली होती, दिल्लीत सरकार दुसरं होतं, तेव्हा हाच मामा रास्ता रोकोला रस्त्यावर बसला होता, मी स्वतः डबा घेऊन गेले होते. आपल्या घामाचा हिशोब मागायलाही माणूस कचरायला लागला तर त्याला आदर कसं म्हणायचं, मला नाही म्हणता येत.

आता तुझं. तुझे आजोबा प्राथमिक शाळेत मास्तर होते हे तुला माहीत आहे पण ही गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. १९६५ च्या युद्धाच्या सुमारास देशात धान्य कमी होतं, अमेरिकेच्या गव्हावर आपण जगत होतो, तेव्हा शास्त्रीजींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा म्हणून सांगितलं. आजोबांनी सोमवारची रात्र सोडली. शास्त्रीजी जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला वारले, पुढे धान्यही आलं, पण आमच्या घरात सोमवारी रात्री चूल पेटलेली मला आठवतच नाही, आम्हा पोरांना दुपारची भाकरी आणि दूध असायचं. कुणी कायदा केला नव्हता, कुणी बघायलाही येणार नव्हतं.

आणि याच माणसाने दहा-अकरा वर्षांनी दुसऱ्या पंतप्रधानांचा हुकूम मानला नाही. आणीबाणीत मास्तरांना नसबंदीच्या केसेस आणायला लावायचे, एवढ्या आणा नाहीतर पगार नाही. आजोबा म्हणाले मी पोरांना शिकवतो, त्यांच्या बापांना धरून आणणार नाही. तीन महिने पगार आला नाही. आजीच्या पाटल्या गेल्या, त्यानंतर तिच्या हातात कायम काचेच्याच बांगड्या होत्या, तू फोटोत बघितल्यास. पण तेव्हाही घरात इंदिराबाईंना कुणी वावगं बोललं तर ते थांबवायचे, म्हणायचे चूक सांग, काय चुकलं ते सांग, शिव्या नको देऊ. कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी जेपींच्या, म्हणजे जयप्रकाश नारायणांच्या, प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली ते त्यांना फार आवडलं होतं, खूपदा सांगायचे. तेवढ्या एका प्रार्थनेने सत्तेला झोंबलं, पुढे दुर्गाबाईंना अटकही झाली.

मार्च ७७ ला मतदानाच्या दिवशी ते मला बोटाला धरून घेऊन गेले, त्यांच्याच शाळेत बूथ होतं, टोपी परीटघडीची, बोलले काहीच नाहीत. घरी आल्यावर शाई लागलेलं बोट फक्त आजीला दाखवलं. आजी रडली.

मग १९८४, ३१ ऑक्टोबर. मी दहावीत होते. संध्याकाळी रेडिओवर इंदिराबाई गेल्याची बातमी आली, आजी भाकरी टाकत होती, आजोबा म्हणाले तवा उतरव. आजी बिचारी गोंधळली, म्हणाली अहो त्यांच्यापायीच ना माझ्या पाटल्या गेल्या. तर ते म्हणाले, "माझं भांडण मताचं होतं गं, गोळीचं नव्हतं." त्या रात्री ते जेवले नाहीत. वार बुधवार होता.

तुझा राग मला कळतो रे. दोन वर्षं अभ्यास करतोयस, भरतीची परीक्षा पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, खोलीचं भाडं चालूच आहे. तू प्रश्न विचारला होतास की तारखा का पाळत नाहीत, केंद्रातल्या रिकाम्या जागा का भरत नाहीत, आणि हा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता, देशाच्या पंतप्रधानांना विचारायलाच पाहिजे असा होता. पण त्याच्या पुढे तू तो शब्द टाकलास आणि ग्रुपवरच्या साठ माणसांनी फक्त तो शब्द वाचला. प्रश्नाचं उत्तर द्यायची कुणाला गरजच उरली नाही, तूच त्यांना सोडवलंस. आणि त्या खुर्चीवर कुणी आभाळातून येऊन बसत नाही, मामासारख्यांनी उन्हात रांगेत उभं राहून मत दिलंय, तो शब्द पंतप्रधानांपर्यंत पोचलाच नाही, मामापर्यंत पोचला. तुझ्या अकरावीची फी त्याने टोमॅटोच्या पैशातून भरली होती.

मी स्वतः त्यांना मत दिलं की नाही ते मी तुला सांगणार नाही, तुझ्या बाबांनाही सांगत नाही. पण टीव्हीवर पंतप्रधान बोलायला लागले की मी आवाज वाढवते, शेवटपर्यंत ऐकते, आणि मग पटलं नाही तर कामावर बायकांसमोर मोठ्याने बोलते की हे चुकलं. मला एवढंच येतं.

मामाला फोन कर. शब्दाबद्दल माफी माग, प्रश्नाबद्दल अजिबात मागू नकोस, उलट त्याला कांद्याचं विचार, त्या वर्षी किती तोटा झाला ते आकड्यात विचार. माझ्याशीही तो ते बोललेला नाही. सोमवारी रात्री आठच्या सुमारास कर, आजोबांचं बघून तोही त्या दिवशी जेवत नाही, ओट्यावर एकटाच बसलेला असतो.

गादीखालच्या पाकिटात पाचशे ठेवलेत, ते मेसला दे.

आई