सांगून खुर्ची सोडणारा मुख्यमंत्री

महोदय,

राजकारणातून थेट कंपनीच्या दालनात जाणाऱ्यांकडे आपण संशयाने पाहतो, आणि त्यात गैर काही नाही. तरी कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांताचे माजी मुख्यमंत्री फ्रँक मॅकेना यांची कारकीर्द पाहण्याजोगी आहे.

१३ ऑक्टोबर १९८७ रोजी या वकिलाच्या लिबरल पक्षाने विधानसभेच्या सर्वच्या सर्व ५८ जागा जिंकल्या. विरोधी बाकांवर बसायला औषधालाही आमदार उरला नाही! दहा वर्षांनी पद सोडणार, असे ते म्हणत. आपल्याकडे असे बोलणे कोण मनावर घेतो? पण १३ ऑक्टोबर १९९७ ला, बरोबर त्याच तारखेला, ते पायउतार झाले. मधल्या काळात या छोट्या, द्विभाषिक प्रांतात कॉल सेंटर आणण्यासाठी ते कंपन्यांच्या अक्षरशः मागे लागले होते. उद्योगांसाठीच्या टोल फ्री क्रमांकातही, आकड्यांच्या जागी अक्षरे वापरून, त्यांचेच आडनाव होते.

पुढे वकिली, संचालकपदे, वॉशिंग्टनमध्ये राजदूत आणि २००६ पासून कॅनडातील टीडी बँकेचे उपाध्यक्षपद. बँकेला त्यांची हुशारी हवी होती तितक्याच त्यांच्या ओळखीही, असे मला वाटते.

आपल्याकडे निवृत्त सनदी अधिकाऱ्याला खासगी नोकरीआधी वर्षभर थांबावे लागते किंवा परवानगी घ्यावी लागते. मंत्र्यांना तसे बंधन नाही. यावर आपल्या दैनिकाने जाणकारांकडून लिहून घ्यावे, ही विनंती.

— एक वाचक, ठाणे