बरं वाटतंय म्हणून गट सोडू नकोस

दांडिया बाजार, बडोदे

चि. मन्या यास आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, आमच्या पुरुषांच्या गटाच्या रविवारच्या बैठकीला आता येणं जमेलसं वाटत नाही. आणि खरं सांगू का, आता गरजही नाही." तू भरूच स्टेशनवर उभा होतास, मागे गाडीची घोषणा चालू होती, म्हणून मी विषय तिथेच सोडला. पण तो डोक्यातून गेला नाही. घाईत बोलण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहिते आहे. सवडीने वाच.

गरज उरली नाही हे मलाही दिसतंय, आणि त्याचा मला किती आनंद आहे ते तुला ठाऊक आहे. रात्री झोपतोस, वेळेवर जेवतोस, नव्या नोकरीतल्या माणसांबद्दल आपणहून सांगतोस. घटस्फोटाच्या त्या वर्षात तू समोर बसून ताटाकडे नुसता बघायचास. तेव्हाचा तू आणि आताचा तू यांत मला फरक कळत नाही असं नाही. तरीही माझं म्हणणं आहे की जात राहा. गरज नाही म्हणूनच जा.

तुमच्या बैठकीत काय बोलणं होतं ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. "इथलं इथेच" हा तुमचा पहिला नियम, तो मला मनापासून पटला. बाकीचे नियमही तू एकदा पोळी खाता खाता सांगितले होतेस: फोन बंद, एक जण बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, आणि प्रत्येकाने स्वतःबद्दलच बोलायचं. तो लाकडी भोवराही तू मला दाखवायला आणला होतास. ज्याच्या हातात भोवरा, त्याची बोलायची पाळी. दोरी गुंडाळायच्या खाचा इतक्या हातांतून फिरून गुळगुळीत झाल्या होत्या, आणि आरीचं टोक कुणीतरी कानशीने घासून बोथट केलं होतं. तुझ्या हातात तो पहिल्यांदा आला तेव्हा तू तिच्याबद्दल खूप वेळ बोललास म्हणे: तिने काय केलं, तिच्या माहेरच्यांनी काय केलं. तेव्हा तुमच्यातले ते थोरले गृहस्थ शांतपणे म्हणाले, "तिचं राहू दे. तुला काय होतंय ते सांग." त्या दिवशी तू घरी चिडून आलास आणि न जेवता झोपलास. मन्या, सगळे नातेवाईक तुझी बाजू घेत होते, पण हे वाक्य एकानेही म्हटलं नव्हतं. पुढच्या बैठकीला तू पुन्हा गेलास, आणि मला वाटतं तिथूनच तुझं बरं होणं सुरू झालं.

पुरुषांचे सगळेच गट असे असतात असं मी समजत नाही. चार दुखावलेले पुरुष जमून बायकांच्या नावाने बोटं मोडत बसले, तर प्रत्येक जण आला त्यापेक्षा कडू होऊन घरी जाईल. तुमचा तसा नाही, म्हणून तो टिकला पाहिजे. मुंबईत 'मावा' नावाची संस्था आहे, तिच्या संस्थापकांपैकी हरीश सदानी यांचं नाव तू ऐकलं असशील. १९९१ साली एका पत्रकाराने वर्तमानपत्रातून आवाहन केलं होतं की बायकोला मारणं चूक आहे असं मानणारे पुरुष हवे आहेत. ज्यांनी त्याला उत्तर दिलं त्यांच्यातून १९९३ साली ती संस्था उभी राहिली. पुरुषांनी एकत्र बसून स्वतःच्या वागण्याकडे बघायचं, हे आपल्या माणसांना नवं नाही. गेल्या दिवाळीत तू तुझ्या आधीच्या बायकोला फोन करून, तुझ्याकडून जे चुकलं होतं तेवढ्याची माफी मागितलीस. संसार जुळावा म्हणून नाही. ते तुला कुणी शिकवलं, हे मला न सांगता कळलं.

आता तुझ्या वडिलांबद्दल, नानांबद्दल लिहिते.

आपल्या बडोद्यात पुरुषांना एकत्र यायला जागा कमी नाहीत. प्रा. माणिकराव आणि जुम्मादादा व्यायाम मंदिर ही नावं ऐकतच इथल्या मराठी घरांतली मुलं वाढली. नानांची सकाळ आखाड्यात, संध्याकाळ लारीवरच्या, म्हणजे हातगाडीवरच्या चहात, गणपतीत मंडळाची वर्गणी, नवरात्रात गरब्याच्या मैदानावर राखण. शाळेपासूनचे मित्र, आणि रोजची भेट. डॉक्टरांनी हृदयाच्या शस्त्रक्रियेचं सांगितलं तेव्हा त्यांतल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता. "कशाला उगाच सगळ्यांना," एवढंच म्हणाले. ते गेल्यावर सगळे आले. एकेक जण झोपाळ्यावर बसून मला म्हणत होता, "वहिनी, आम्हाला काही बोललाच नाही हो." बाकीचे उठून गेल्यावर एक जण मागे थांबला. त्याचं दुकान बऱ्याच दिवसांपासून तोट्यात चाललं होतं, घरात कुणाला माहीत नव्हतं, आणि ते सांगायला त्याला मी सापडले, ज्याच्याबरोबर तो रोज चहा प्यायचा तो नाही. दोघंही आपापलं ओझं घेऊन त्या लारीवर उभे राहायचे आणि पावसाचं नि क्रिकेटचं बोलायचे.

आम्हा बायकांना भजनी मंडळ असतं, भिशी असते. टाळ खाली ठेवले की कुणी ना कुणी बोलायला लागतं, दुसरी पाठीवर हात ठेवते, आणि घरी जाताना मन हलकं होतं. त्यासाठी आम्हाला भोवरा लागत नाही. तुम्हाला लागतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात पुरुषांसाठी सुतारकामाच्या आणि दुरुस्तीच्या शेड निघाल्या. तिथे लोकांच्या लक्षात आलं की पुरुष समोरासमोर बसून बोलायला बिचकतात, पण खांद्याला खांदा लावून काही काम करत असले की बोलतात. तुमचे ते थोरले गृहस्थ बैठकीआधी सगळ्यांना सतरंज्या घालायला लावतात आणि नंतर सेव-उसळ खायला नेतात. मला वाटतं त्यांना हे न वाचताही ठाऊक आहे.

मी गणित शिकवलं, त्यामुळे आकडा बघितल्याशिवाय मला राहवत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. त्यांत १,२२,७२४ पुरुष होते, म्हणजे शंभरात जवळजवळ बहात्तर. कारणांच्या यादीत सगळ्यात वर कौटुंबिक अडचणी आणि त्याखाली आजारपण. दोन्ही गोष्टी घरातल्या, आणि दोन्हींबद्दल पुरुष बाहेर बोलत नाहीत. तू त्या वर्षात गच्चीवर एकटा जाऊन बसायचास तेव्हा मी खाली जिन्यात उभी राहायचे. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं, आज सांगते.

गट म्हणजे डॉक्टर नव्हे, हेही लिहून ठेवते. पुन्हा कधी झोप उडाली, जगणं नकोसं वाटलं, तर बैठकीच्या रविवारची वाट बघायची नाही. त्या क्षणी मला फोन करायचा, डॉक्टरांकडे जायचं. मन अस्वस्थ असलेल्यांसाठी सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे, तिचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि फुकट आहे. तो गटातल्या नव्या मुलांनाही दे.

नव्या मुलांचं म्हटलं, कारण माझं सगळं सांगणं त्यांच्यापाशीच येतं. आखाड्यात एक गोष्ट नाना कधी चुकले नाहीत. साठी उलटली होती, स्वतः मल्लखांबावर चढणं केव्हाच सुटलं होतं, तरी ते रोज जायचे आणि खांबाच्या खाली उभे राहायचे. एरंडेल लावलेलं ते गुळगुळीत लाकूड. नवा पोरगा दसरंग या उडीसाठी त्यावर उलटा झाला की त्याला जमीन दिसते आणि हातपाय थरथरायला लागतात. नाना त्याच्या कमरेखाली नुसता हात धरायचे, टेकवायचेही नाहीत. हात आहे एवढं त्या पोराला कळलं की पुरे. ज्याला येतं त्याने खाली उभं राहायचं, हा तिथला रिवाज. त्यांच्या लहानपणी त्यांच्याही कमरेखाली कुणाचा तरी हात होताच.

तू पहिल्यांदा त्या हॉलमध्ये गेलास तेव्हा तिथे सगळे तुझ्यासारखे मोडलेले असते, तर तू दुसऱ्यांदा गेला असतास का? तिथे हसणारे, बऱ्यापैकी झोपणारे, संसारात पुन्हा रमलेले दोन-चार जण होते. त्यांना त्या दिवशी गरज नव्हती. तरी ते आले होते, आणि म्हणून तुला बसायला जागा मिळाली. बरा झालेला प्रत्येक जण निघून गेला तर मागे उरतील ते फक्त कालपरवा आलेले, आणि त्यांना सांगायला कुणी नसेल की यातून माणूस बाहेर पडतो.

यात तुझंही काही आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संस्था कशी सुरू झाली ते मी वाचलं, ते तुला कळवायचं होतं. १९३५चा मे महिना. न्यूयॉर्कचा बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी ओहायोतल्या अॅक्रन गावी गेला होता. दारू सोडून काही महिने झाले होते. काम फिसकटलं आणि तो हॉटेलच्या लॉबीत एकटा उरला. एका बाजूला बार, तिथून हसण्याबोलण्याचा आवाज, आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने चर्चच्या यादीवरून फोन लावायला सुरुवात केली, की या गावात दारू न सुटणारा कुणी असेल तर मला त्याच्याशी बोलायचंय. त्यातून गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी. पंधरा मिनिटं बसतो म्हणून ते आले आणि काही तास बसले. पुढे १० जून १९३५ हा डॉक्टरांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस, तोच संस्थेचा स्थापनादिवस धरतात. यात मला महत्त्वाचं वाटलं ते हे, की बिलने फोन केला तो स्वतःचा तोल राहावा म्हणून. दुसऱ्याचं ऐकताना त्याचा स्वतःचा दिवस निभावला. तू आज बरा आहेस. उद्या नोकरीत काही होईल, पुन्हा लग्नाचा विषय निघेल, एक दिवस मी नसेन. तेव्हा नव्याने माणसं शोधायला लागू नयेत असं मला वाटतं.

प्रत्येक बैठकीला ये असं नाही म्हणत. महिन्यातला दुसरा रविवार धर. भरूचहून तासाभराचा प्रवास, गाड्या वरचेवर आहेत. आणि मला भेटायला म्हणून हे सांगत नाहीये. सेव-उसळ खाऊन परस्पर परत गेलास तरी मला चालेल, घरी तोंड दाखवलंच पाहिजे असं नाही. जमलं तर एक काम अंगावर घे: नवा माणूस आला की दोन दिवसांनी त्याला फोन करायचा. तुला तसा फोन आला होता तेव्हा तू गॅलरीत जाऊन बराच वेळ बोलत होतास.

मंगळवारी खंडेराव मार्केटात भाजी घेताना ते थोरले गृहस्थ भेटले. गुडघ्याने हैराण दिसले, जिना चढवत नाही म्हणाले. तुझी चौकशी केली, ये म्हणून निरोप काही दिला नाही. जाता जाता एवढंच म्हणाले, "नवीन तीन मुलं यायला लागलीत. एक तर अजून बोललेलाच नाही."

हॉलची एक किल्ली तुझ्या टेबलाच्या खणात आहे, काल आवरताना दिसली. या रविवारी तू येऊन उघडणार असशील तर शनिवारी रात्रीपर्यंत कळव. येणार नसशील तर मी त्यांच्या घरी नेऊन देते, त्यांना जिने चढायला नकोत. पांढऱ्या शर्टाचं बटण लावून ठेवलंय, तोही इथेच आहे.

तुझी,
आई